पाठीच्या ऑपरेशननंतर ‘आजच गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला

‘पाठीचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकापर्यंत पोचवा, डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या सोलापुरात फिरतोय. माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरवर काही जणांनी मोबाइल पुढे करून तो मला दाखवला होता, तेव्हा ‘डिलीट करा’ एवढंच सांगितलं. मग तो भिशीच्या ग्रुपवरून माझ्या मामींकडे गेला. मामींचं ऑपरेशन सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली त्या आठवड्यात झालं. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात स्क्रू आणि रॉड. आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन, वाकून बिड्या वळल्या. कंबर कधीतरी हिशेब मागणारच होती. त्यांनी मेसेज वाचला, नातीकडून पुन्हा वाचून घेतला आणि सगळ्या गोळ्या बंद केल्या. घरात औषध दुकानदार भाचा असताना!

मेसेज म्हणतो काय? दुखण्याच्या गोळ्यांनी देशातली गिधाडं संपली, तुमची किडनी काय टिकणार, म्हणून तिसऱ्या दिवसापासून त्या बंद करा. ‘नसेची गोळी’ म्हणून देतात ती खरं तर फिट आणि वेडाची गोळी, ती आजच्या आज बंद करा. नंतर घाम, मळमळ, झोप उडणं असं झालं तर समजा विष बाहेर पडतंय. पोट साफ राहायला रोज रात्री एरंडेल घ्या. तीन महिने पलंग सोडू नका. स्क्रू उन्हात तापतात आणि आतून गंजतात. पायाला मुंग्या आल्या, बधीर झालं तर घाबरू नका, नस मोकळी होतेय. आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी एका चूर्णाचं नाव आणि फोन नंबर. नंबर शेवटी का येतो हे लोकांच्या लक्षात कसं येत नाही, देव जाणे.

नसेच्या गोळीपासून सुरुवात करतो, कारण ती एकदम बंद केल्यानेच मामी आडव्या पडल्या. प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन, डॉक्टर यांपैकी एक लिहितात. ती फिटसाठी वापरतात हे खरं आहे. त्यात लपवण्यासारखं काय आहे? फिटमध्ये मेंदूतल्या पेशी बेफाम संदेश सोडतात, दबलेली नस तसेच संदेश सोडत राहते. ही औषधं तो गोंगाट कमी करतात. ‘वेडाची गोळी’ हा शब्द मात्र मुद्दाम घातलाय. आपल्याकडे त्या एका शब्दाने माणूस चिठ्ठीच फाडून टाकतो.

‘आजच्या आज बंद करा’ हे वाक्य तर शुद्ध बेजबाबदार आहे. प्रीगाबालिनच्या माहितीपत्रकात कंपनीनेच लिहिलंय की बंद करायचं तर किमान एक आठवडा घेऊन हळूहळू कमी करा. एकदम थांबवलं की झोप उडते, घाम फुटतो, मळमळ होते, जुलाब होतात, जीव घाबराघुबरा होतो. ज्याला मुळात फिटचा त्रास आहे त्याला फिट येऊ शकते. आता मेसेजची लबाडी बघा. औषध तोडल्यावर जो त्रास होणार, तो त्याने आधीच सांगून ठेवलाय आणि त्याला ‘विष बाहेर पडणं’ असं नाव दिलंय. म्हणजे जितका त्रास जास्त, तितका मेसेज खरा! मी घरी गेलो तेव्हा मामी घामाने भिजलेल्या, डोळे रात्रभर जागून तांबारलेले.

“मामी, गोळ्या कधी बंद केल्या?”

“केल्या की रे. विष निघायलंय म्हणे आता, चार दिवस तरास होणारच.”

सर्जनला फोन लावला, गोळी पुन्हा सुरू झाली, पण आधीपेक्षा कमी ताकदीची आणि फक्त रात्री. कारण मामींची मूळ तक्रार खोटी नव्हती. या गोळीने चक्कर येते, गुंगी राहते, तोंड कोरडं पडतं, काहींच्या पायावर सूज येते, वजन वाढतं. ‘सकाळी उठलं की घर फिरतंय’ असं त्या म्हणत होत्या आणि घरातले ‘ऑपरेशननंतर व्हायचंच’ म्हणून गप्प बसवत होते. मेसेजने नेमकं तिथेच बोट ठेवलं. चक्कर येते म्हणून सांगितलं की डॉक्टर डोस रात्रीकडे सरकवतात, कमी करतात, कधी औषध बदलतात. तोवर पलंगावरून उठताना आधी कुशीवर, मग बसून दोन मिनिटं, मग उभं राहायचं. रात्री मोरीपर्यंतचा दिवा चालू ठेवायचा. गाडी चालवायची नाही. ‘ही गोळी मला अजून लागते का?’ हा प्रश्नही प्रत्येक तपासणीला विचारायचा. सायटिकावर, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या नसेच्या दुखण्यावर, प्रीगाबालिनची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात बिनऔषधी गोळीपेक्षा फायदा दिसला नव्हता. त्यामुळे ती वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्यांनी विचारलंच पाहिजे. पण विचारून, हळूहळू.

गिधाडांची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचलेली जनावरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि किडनी निकामी होऊन गिधाडं मेली. जनावरांसाठी हे औषध आपल्याकडे २००६ मध्ये बंद झालं. माणसासाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचायला वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलीटरवर आणली. गिधाडाच्या शरीराला हे औषध पचवता येत नाही, माणसाला येतं. एवढा फरक मेसेजने गिळून टाकलाय.

तरी किडनीचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, विशेषतः सोलापुरात. पारा चाळिशीपार गेलेला, माणूस उठायला त्रास नको म्हणून पाणीच कमी पितोय, रक्तदाबाची टेल्मिसार्टन चालू, तिच्यातच जोडून लघवीची गोळी असते हे त्याला ठाऊक नाही, आणि वरून डायक्लोफेनॅक किंवा त्याच जातीचं एसिक्लोफेनॅक. ही तिन्ही औषधं एकत्र आली की किडनीवर खरंच ताण येतो. वय झालेल्यांना, शुगरवाल्यांना जास्त. जठराला व्रण होतो, रक्तदाब वाढतो, तेही खरं. मणके जोडायच्या ऑपरेशननंतर हाड जुळायला अडथळा नको म्हणून काही सर्जन या गोळ्या स्वतःहूनच थोडेच दिवस देतात. यावर उपाय म्हणजे रक्तदाबाच्या गोळीची पट्टी सर्जनला दाखवणं, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासणं, लिहून दिलेल्या दिवसांपुढे ‘तीच द्या अजून एक पट्टी’ म्हणून आमच्याकडे न येणं. शेवटचं वाक्य माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, तरी लिहितोय.

मेसेजला खरोखर भीती घालायची होती तर पॅरासिटामॉलबद्दल लिहायला हवं होतं. त्यावर एक अक्षर नाही. हिशेब करा. एसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत, म्हणजे दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत, ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, दिवसातून दोनदा म्हणजे ६५०. ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या औषधाच्या जोडगोळीतही ३२५, तीनदा म्हणजे ९७५. आणि वेगळी ६५० ची गोळी तीनदा, १,९५०. बेरीज ३,५७५. प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम, वजन कमी असेल, यकृत नाजूक असेल किंवा दारू असेल तर त्याहूनही खाली. संध्याकाळी डोकं दुखलं म्हणून घरातलीच आणखी एक ६५० घेतली की ४,२२५. तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या, आत एकच औषध. पट्टीच्या पाठीमागचे बारीक शब्द वाचा. वाचता येत नसतील तर दुकानदाराला वाचायला लावा, ते त्याचं काम आहे.

ट्रामाडॉलबद्दल थोडक्यात. हे अफूच्या घराण्यातलं औषध आहे, २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि आम्हाला त्याची विक्री वेगळ्या रजिस्टरात नोंदवून ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. म्हणून ‘मागच्या चिठ्ठीवर द्या की’ म्हणून वाद घालू नका. मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ हे त्याचे ठरलेले त्रास. बद्धकोष्ठ तर ऑपरेशन झालेल्या कमरेला फार छळतं, कुंथलं की टाक्यांपर्यंत कळ जाते. रोज रात्रीच्या एरंडेलाने पोटात मुरडा येतो, जुलाब लागले की अंगातलं पाणी जातं, आणि किडनीचं आत्ताच बोललो. इसबगोल अर्ध्या कप पाण्यात ढकललं तर उलट गच्च होतं. ट्रामाडॉल लिहून देतानाच डॉक्टरांना पोट साफ होण्याचं औषध मागा, पाणी प्या आणि काही दिवस खुर्चीचं कमोड आणा. मनाच्या आजारावरची गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण ट्रामाडॉलचं काही गोळ्यांशी जमत नाही.

तीन महिने पलंग? हा सल्ला ऐकायला मायेचा वाटतो म्हणून घरातल्या सगळ्यांना पटतो. कॉक्रेन म्हणून जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था आहे. तिने २०१४ मध्ये कमरेच्या मणक्यांमधल्या गादीच्या (डिस्कच्या) पहिल्या ऑपरेशननंतरच्या व्यायामाच्या २२ चाचण्या, मिळून २,५०३ रुग्ण, तपासल्या. चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने दुखणं आणि अडलेली कामं लवकर सुधारतात आणि हालचालीमुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच लिहिलंय, मेसेजवाल्यासारखं छातीठोक सांगितलेलं नाही. आणि ते गादीच्या ऑपरेशनबद्दल आहे. स्क्रू बसवलेल्यांनी वाकणं, वळणं, वजन उचलणं यावरची सर्जनची बंधनं पाळायचीच. पण चालणं वेगळं. ते बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करायला लावतात, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताची गाठ होते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. स्नायू सुकतात ते वेगळंच. मामी आता सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. पट्टा लावून, कुरकुर करत.

स्क्रूचं काय लिहू? बहुतेक स्क्रू टायटॅनियमचे, ते गंजत नाहीत. मे महिन्यात भरदुपारी नव्या पेठेत उभं राहिलात तरी शरीर आतून सदतीस अंशांच्या आसपासच असतं. स्क्रू तापायच्या आधी तुम्हीच कोसळाल. हाड जुळण्याला खरा अडथळा करतं ते तंबाखूतलं निकोटिन. रक्तपुरवठा कमी होतो, नवं हाड धरत नाही. बिडी-सिगारेटबद्दल सर्जन विचारतात, पण सकाळी दाताला लावायच्या मिसरीबद्दल बायका सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. तीही जळका तंबाखूच आहे. मिसरीवरून आमचं आणि मामींचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आता चूर्ण. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, दोन दिवसांत फरक’ म्हणणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये डेक्सामिथासोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड सापडल्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार उघड झालेत. म्हणूनच दोन दिवसांत फरक पडतो. भूक वाढते, दुखणं पळतं, माणूस खूश. मग चेहरा गोल सुजतो, शुगर चढते, आणि ऑपरेशन झालेल्या माणसासाठी सगळ्यात वाईट म्हणजे जखम भरत नाही आणि आत जंतुसंसर्ग व्हायला रान मोकळं मिळतं. स्क्रूभोवती पू झाला तर पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पदवीधर वैद्याने चिठ्ठीवर नाव लिहून दिलेलं औषध आणि घटकांची यादी नसलेली, फोनवरून मागवायची पुडी यांत फरक करा एवढंच म्हणतोय. कुणी ती आधीच अनेक आठवडे घेत असेल तर तीही मनाने एकदम तोडू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं. पुडीच डॉक्टरांपुढे नेऊन ठेवा.

राहिली मुंग्यांची गोष्ट. दबलेली नस मोकळी झाल्यावर थोड्या मुंग्या, अधूनमधून चमक, हे काही आठवडे, कधी महिने चालतं. मेसेज इथे अगदीच खोटं बोलत नाही, आणि दुखणं उरलं म्हणजे ऑपरेशन फसलं असंही नाही. पण ‘बधीर झालं तर घाबरू नका’ हे सरसकट सांगणं म्हणजे एखाद्याचे पाय घालवणं आहे. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाय लुळा पडायला लागला, तर मणक्याच्या खालच्या टोकाकडच्या नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. त्यात तास मोजले जातात. थंडी वाजून ताप येणं, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव येणं, एका पोटरीला सूज आणि कळ, अचानक दम लागणं, हीही थांबायची लक्षणं नव्हेत. अशा वेळी सर्जनला फोन करायचा. त्याने उचलला नाही तर सकाळची वाट न बघता रिक्षा काढून सिव्हिलचा तातडीचा विभाग गाठायचा, आणि चालू असलेल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्यायच्या.