पैसे मिळाले ना, मग गप्प बस म्हणे!

अमेरिकन बेसबॉलमधला मॅनेजर जो मॅडन, संघाने काढल्यावर त्याने दिलेल्या जुन्या मुलाखतीचा एक तुकडा आज पुन्हा फिरतोय आणि त्याखाली आपलीच मंडळी दात काढतायत. 'काढला तर काढला, रडतो काय?' 'कराराचे पैसे पूर्ण मिळाले ना, मग गप्प बस.' एकाने तर लिहिलंय की सभ्य माणूस पुष्पगुच्छ घेऊन हसत निघून जातो. पुष्पगुच्छ कुठला? नारळ दिला होता हातात.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. तिथे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. कोच म्हणजे त्याच्या हाताखालची माणसं. पिचिंगचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा कोच वेगळा, बॅटिंगचा वेगळा, तिसऱ्या बेसजवळ उभा राहून 'पळ' किंवा 'थांब' सांगणारा वेगळा. मॅडन 2022 मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सचा मॅनेजर होता आणि तीन वर्षांच्या कराराचं ते शेवटचं वर्ष. सुरुवात झकास झाली, 27 विजय आणि 17 पराभव. मग ओळीने 12 हरले. ब्लू जेजकडून चार, यँकीजकडून तीन, फिलीजकडून तीन, शिवाय पुढेमागे एकेक. 7 जूनला मॅडन घरी.

आणि त्याच वेळी या 68 वर्षांच्या गृहस्थाने डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून मधोमध केसांचा तुरा ठेवून घेतला होता. मोहॉक! का? तर संघावर मरगळ आलीय, पोरं बघून हसतील, खांद्यावरचं ओझं जरा उतरेल. संघाला तो तुरा दिसायच्या आधीच जनरल मॅनेजर, म्हणजे संघ बांधणारा वरचा साहेब, पेरी मिनेशियनने त्याला काढल्याचं सांगितलं. ह्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा, मला नाही येत हसू.

तो नंतर बोलला ते काय? फ्रंट ऑफिसची, म्हणजे वरच्या साहेबांची, डगआउटमध्ये (मैदानालगत संघ बसतो तिथे) लुडबुड फार झालीय. आकडेवाल्यांनी मॅचच्या आधी काय द्यायची ती माहिती द्यावी, मॅच सुरू झाल्यावर मॅनेजरला त्याचं काम करू द्यावं. याला रडणं म्हणतात? ही तर कामाच्या वाटणीची तक्रार आहे, आणि ती समजून घ्यायची तर मॅनेजरच्या हातात नेमकं असतं काय ते बघावं लागतं.

26 जणांचा रोस्टर, म्हणजे संघाची यादी, तो ठरवत नाही. कुणाला विकत घ्यायचं, कुणाला खाली मायनर लीगला पाठवायचं, कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा, हे सगळं जनरल मॅनेजर आणि मालक बघतात. मॅनेजरकडे उरतं लाइनअप कार्ड, म्हणजे नऊ जणांचा बॅटिंगचा क्रम. तेही आजकाल कोऱ्या कागदावर सुरू होत नाही, वरून 'सुचवलेलं' येतं. मुख्य अंपायरने कार्ड स्वीकारलं की पुढचा प्रत्येक बदल ही बदली, आणि बाहेर गेलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येत नाही.

मग येतं बुलपेन, म्हणजे राखीव पिचर्सचा ताफा. मॅनेजरची खरी परीक्षा तिथे. मॅच सुरू करणारा स्टार्टर पिचर समोरच्या बॅटर्सना तिसऱ्या फेरीत भेटायला लागला की मार खायला लागतो, कारण तोवर त्यांनी त्याचे सगळे चेंडू बघितलेले असतात. म्हणून वेळीच बुलपेनला फोन करून रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा पिचर, तापवायचा. तापवला आणि आणलाच नाही, तरी त्याचा हात तेवढा खर्च झालाच, दुसऱ्या दिवशी तो तेवढाच ताजा नसतो. आणला आणि पहिल्याच बॅटरला त्याने वॉक दिला, म्हणजे चार वाईट चेंडू टाकून पहिला बेस फुकट दिला, तर 2020 पासूनच्या नियमाने त्याला लगेच बदलताही येत नाही. दुखापत नसेल तर तीन बॅटर किंवा इनिंग संपेपर्यंत तोच. आता सलग हरणाऱ्या संघात हे करून बघा. प्रत्येक मॅच जिंकायलाच हवी, म्हणून चांगले रिलीव्हर रोज लागतात. रोज लागतात म्हणून थकतात, थकल्यावर आघाडी घालवतात, आणि उद्या परत तेच लागतात. त्यात पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओटानीला विश्रांती मिळावी म्हणून एंजल्स सहा स्टार्टरांची फेरी चालवत होते, इतर बहुतेक संघ पाचांची. याचा अर्थ तुमच्या सर्वात चांगल्या पिचरची पाळी इतरांपेक्षा उशिरा येते.

5 जूनची मॅच घ्या. फिलाडेल्फियात आठव्या इनिंगमध्ये एंजल्स 6-2 पुढे. क्लोजर म्हणजे शेवटची इनिंग राखायला ठेवलेला खास रिलीव्हर. मॅडनने तो आठव्यातच आणला, रायसेल इग्लेसियास. फिलीजच्या ब्राइस हार्परने त्याला ग्रँड स्लॅम, म्हणजे चार रनांचा होमरन ठोकला, 6-6. नवव्यात एंजल्सनी पुन्हा आघाडी घेतली, आणि फिलीजच्याच ब्रायसन स्टॉटने तीन रनांचा होमरन मारून मॅच 9-7 नेली. यात मॅनेजरने काय करायला हवं होतं? संघातला सर्वात महागडा रिलीव्हर त्याने सर्वात कठीण वेळी आणला. चार वर्षांचा तो 5 कोटी 80 लाख डॉलरचा करार मॅडनने केला नव्हता. दोन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, ज्यांनी केला त्यांनीच इग्लेसियासला अटलांटाला देऊन टाकलं. तिसऱ्या बेसवरचा अँथनी रेंडन मनगट धरून बसलेला. माइक ट्राउट, या पिढीतला सर्वोत्तम बॅटर, त्याच्या 26 पाळ्या सलग हिटशिवाय गेल्या. यावर मॅनेजरकडे उपाय काय, तर डोक्यावर तुरा! खरंच, तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं. म्हणून तर तो तुरा डोक्यातून जात नाही माझ्या.

'पण निकाल मॅनेजरच्याच नावावर लागतो.' बरं, मग त्याला काढल्यानंतरचाही लावा. त्याच्या जागी फिल नेव्हिन आला, संघ आणखी दोन मॅच हरला, पराभवांची साखळी 14 वर गेली. ती कुणी तोडली? ओटानीने, 9 जूनला स्वतः सात इनिंग पिच करून आणि स्वतःच होमरन मारून. मॅडन गेला तेव्हा हिशोब 27-29 होता, म्हणजे 27 विजय, 29 पराभव. नेव्हिनच्या हाताखाली 46-60. मोसम संपला 73-89 वर. 2014 नंतर या संघाने प्लेऑफ पाहिलेला नाही, आणि 2018 ला मॅनेजर माइक शोशिया गेल्यापासून ऑस्मस, मॅडन, नेव्हिन, वॉशिंग्टन अशी रांग लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती पण दर दोन वर्षांनी नवीन संन्याशाला.

हो, फिलीजचं उदाहरण. माहीत आहे, कुणीतरी काढणारच. त्यांनी 3 जूनला मॅनेजर जो जिरार्डीला 22-29 वर काढलं, त्याच्या जागी आलेल्या रॉब थॉमसनने उरलेल्यांत 65-46 केलं आणि ते वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत गेले. मान्य, कधीकधी माणूस बदलून संघ बदलतो.

आणि मॅडन काही देव नव्हता. त्याच एप्रिलमध्ये टेक्ससविरुद्ध तिन्ही बेस भरलेले असताना त्याने कोरी सीगरला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे समोरच्याला एक रन फुकट दिली. अख्ख्या मैदानाला वाटलं याचं डोकं फिरलं. मॅच एंजल्सनी 9-6 जिंकली, पण कारण ते होतं असं मीही म्हणणार नाही.

आता पैशांचं. करारातले पैसे मिळतात कारण तसा करार असतो, ते काही गप्प बसायचं मानधन नाही. 2017 मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल हरल्यावर दोन दिवसांत अनिल कुंबळेने राजीनामा दिला आणि कर्णधाराला आपली पद्धत नकोय असं सांगण्यात आल्याचं उघड लिहिलं. तेव्हा 'बरं झालं बोलला' म्हणत तो मजकूर पुढे पाठवणारे तुम्हीच होतात ना? राजीनामा आणि हकालपट्टी वेगळी, ठीक आहे. पण तिथे स्वाभिमान आणि इथे रडगाणं?

गप्प राहून काय होतं तेही बघा. योगी बेरा. खेळाडू म्हणून यँकीजसाठी दहा वर्ल्ड सिरीज जिंकलेला माणूस. 1985 च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे मोसमाआधीच्या सरावात, यँकीजचा मालक जॉर्ज स्टाइनब्रेनरने जाहीर सांगितलं की काहीही झालं तरी वर्षभर योगीच मॅनेजर. 16 मॅच झाल्या, 6-10, योगी बाहेर. आणि सांगायला मालक स्वतः आला नाही, जनरल मॅनेजर क्लाइड किंगला पाठवलं. योगीचा मुलगा डेल त्याच संघात खेळत होता! योगीने मुलाखतींचा धुरळा उडवला नाही. तो स्टेडियममध्ये यायचाच थांबला. 14 वर्षं. 1999 च्या जानेवारीत स्टाइनब्रेनर न्यू जर्सीत माँटक्लेअरला योगीच्या म्युझियममध्ये गेला आणि माफी मागितली, तेव्हा कुठे तो परतला. हे वाचताना राग जातो माझा, नुसतं वाईट वाटतं. तुम्हाला हवी ती 'सभ्यता' हीच ना? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही 14 वर्षं.

मॅडनने तो मार्ग घेतला नाही. तीसेक वर्षं ज्या संस्थेत घालवली, 2002 चं विजेतेपद जिथे बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचा उजवा हात म्हणून पाहिलं, तिच्याबद्दल तोंडावर बोलला. याच माणसाने मध्यंतरी 2016 मध्ये शिकागो कब्ज संघाला 1908 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकून दिली होती, म्हणजे बोलायचा अधिकार तरी होता की नाही? त्यानंतर त्याला मेजर लीगमध्ये मॅनेजरची खुर्ची मिळाली नाही. त्यालाही हसणार असाल तर मला अनफ्रेंड करा, चालेल.

कमेंटमध्ये 'पण फिलीज' लिहायला आलेल्यांनी आधी वरचा फिलीजचा परिच्छेद वाचावा.