सिंगल हँड गाडी आणि आतला ऐवज

दारात चारचाकी उभी असली की सोयरिकीला वजन येतं, हे तुमच्या घरच्यांनी ठरवलंच असेल तर जुनी गाडी घ्या. अवश्य घ्या. फक्त घेताना इंजिनाचा आवाज ऐकणं, टायर दाबून पाहणं, चुंबक लावून पत्र्यात लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरली आहे ते शोधणं असला करंटेपणा करू नका. विकणाऱ्याचं मन दुखतं. तो म्हणेल, "भाऊ, सिंगल हँड गाडी व्हय, एकच मालक. कुठं घासली नाही, का ठोकली नाही." तुम्ही मान हलवा. गाडी अठरा वर्षांची आणि मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर दिसत असतील, तर मालक फार पायी चालत असला पाहिजे.

खरी खरेदी गाडी घरी आल्यावर सुरू होते. आपल्याकडे जुनी गाडी रिकामी कधीच येत नाही.

आधी पायाखालची मॅट उचला. खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या, पन्न्या निघतील, काहींना रबर अजून गुंडाळलेलं असेल. रबरं काढून घ्या, घरात कामी येतात. ड्रायव्हरच्या दाराला बाहेरून जो तांबूस ओघळ दिसतो, त्याला गंज समजून घाबरू नका. गंज त्याच्या खाली आहे.

पन्न्यांच्या खाली सरकी, तुरीचे दाणे, सोयाबीन आणि बोटभर माती. गाडी माणसांसाठी घेतली होती असं आरसी बुकात लिहिलेलं असतं, पण सीट पाडून तिनं काय काय वाहिलं ते मॅटला माहीत असतं. तळाचा पत्रा खाल्लेला असल्यामुळे मृग बरसला की आत पाणी येतं आणि आठवड्यात क्लीनर साइडला सोयाबीन उगवतं. ते उपटू नका. मोबाईल काढा आणि सरकारच्या ई-पीक पाहणी ॲपवर पिकाची नोंद करा. अडचण एवढीच, की तुमचा गट नंबर तालुक्याला बाजाराला गेलेला असतो. बाकी रानडुकरांचा त्रास नाही, हे या शेतीचं वैशिष्ट्य.

मागच्या सीटच्या फटीत हात घातला तर बियाण्याचं एखादं पाकीट लागेल. बिल नाही, पाकिटावर धड नाव नाही, पण गावातलं शेंबडं पोरही ओळखेल की हे चोर बीटी. तणनाशक फवारलं तरी तग धरणारी आणि सरकारनं परवानगी न दिलेली ही सरकी ज्या गुप्ततेनं विकली जाते, ती गुप्तता सगळ्या तालुक्याला ठाऊक असते. शेजाऱ्याला मात्र सांगू नका. तो पोलिसात जाणार नाही, अर्धं पाकीट मागेल.

डिक्कीत फवारणीच्या औषधाची बाटली आणि पिण्याच्या पाण्याची कॅन एकमेकींना टेकून बसलेल्या असतात. त्यांच्या खाली हातमोजे, मास्क आणि चष्मा असलेलं एक किट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा अशी किटं वाटली गेली. हे किट सीलबंद आहे. बेचाळीस अंशांत ते घालून कोणी फवारणार नाही हे वाटणाऱ्याला माहीत होतं, घेणाऱ्यालाही. सील फोडू नका, गाडी विकताना 'नवं कोरं' म्हणता येईल अशी तेवढी एकच वस्तू तुमच्याकडे आहे.

आता नंबर प्लेट पाहा. एमएच-३४, म्हणजे चंद्रपूरची, असेल तर तुम्ही नशीबवान. स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या पत्र्यावर टिचकी मारा. पोकळ वाजलं? चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. वर्धा नदीच्या या बाजूला वणी, म्हणजे यवतमाळ जिल्हा, दुकानं उघडी. पलीकडे सगळं कोरडं. त्या सहा वर्षांत पत्रेकाम करणाऱ्यांच्या हातात जी कला आली, ती कुठल्या आयटीआयमध्ये शिकवत नाहीत. सीटखाली दुहेरी तळ. दाराच्या पॅनेलमागे पव्वे शिस्तीत उभे राहतील अशा जागा. ज्यात गॅस कधी भरलाच नाही अशी गॅसची टाकी. विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचे एवढे हिशेब झाले, पण लोकांनी स्वखर्चानं उभी केलेली ही साठवण क्षमता कोणत्याही समितीनं मोजली नाही.

हा चोरखण वेल्डिंग करून बुजवू नका. सावकाराची चिठ्ठी, बायकोपासून लपवायचा खर्रा, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, सगळ्याला ही जागा बरी. फक्त वर्ध्याला किंवा गडचिरोलीला जाण्याआधी आतून एकदा हात फिरवा. तिथली बंदी अजून चालू आहे, गडचिरोलीत तर १९९३ पासून. मागच्या मालकाचा एखादा पव्वा कोपऱ्यात राहिला असेल आणि नाक्यावर निघाला, तर साहेबांना नम्रपणे सांगा, "हा गाडीसोबतच आला जी." ते हसतील. हसले म्हणजे सोडतील असं नाही.

खणातून ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा निघाल्या तर मात्र डोकं शांत ठेवा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या त्या ऐन कापसाच्या हंगामात, आणि एवढ्या खोल लपवलेलं धन वेळेवर मालकालाही आठवत नाही. २०१७ च्या कायद्यानं अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे. दंड किमान १०,००० रुपये, किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल ते. तेव्हा मोजत चला. दहापर्यंत तुम्ही निर्दोष नागरिक आहात. अकरावी निघाली की तत्काळ नाणी-नोटांचे अभ्यासक व्हा, कारण अभ्यासकाला पंचवीसपर्यंत मुभा आहे. सव्विसावी जिथं होती तिथं परत ठेवा आणि गाडी विकायला काढा.

बोनेटखाली उंदीर असतात, ही काही बातमी नाही. इंजिनाची ऊब असते, एअर फिल्टरच्या डब्यात कोठार करता येतं, आणि त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत असल्यामुळे घासायला वायरी लागतात. कोणी सांगेल, तंबाखूची पानं ठेवा, पळतील. इकडचा उंदीर तंबाखू पाहून पळत नाही, सुपारी कुठं आहे ते शोधतो. त्यापेक्षा त्यांच्या मागावर आत शिरलेल्या धामणीवर भरवसा ठेवा, ती बिनविषारी आणि कामसू. ती धामण नसून घोणस असेल, तर मिस्त्री बोनेट उघडण्याआधी सर्पमित्राला फोन करावा. एवढा एक सल्ला आम्ही गंभीरपणे देतो, कारण गावातला मिस्त्री एकच असतो.

पक्षांचे दुपट्टे, अर्धं खोबरं, शेगावचा प्रसाद आणि न वाटलेल्या लग्नपत्रिका यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. दुपट्टे सगळ्या रंगांचे ठेवा.

शेवटी डॅशबोर्डचा खण. त्यात गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० चे सही केलेले कोरे संच निघतील. एक नाही, चार. म्हणजे गाडी सिंगल हँडच आहे, हात तेवढे चार जणांचे. कायदा म्हणतो, विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवावं. चौघांनीही हा सल्ला वाचला आणि फॉर्म खणात ठेवले. आरसी बुकावर नाव अजून एका निवृत्त गुरुजींचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. गाडी ठोकणार तुम्ही, नोटीस जाणार गुरुजींना. आणखी काय पाहिजे?

ई-चलानही त्यांच्याच मोबाईलवर जातं. तुम्ही नागपुरात सीताबर्डीला सिग्नल कधी तोडला, वर्धा रोडला किती वेगानं गेलात, सगळं त्यांना घरबसल्या कळतं. घरच्यांना तुम्ही कापूस घेऊन जिनिंगला गेलो म्हणून सांगितलेलं असतं. गुरुजींचा फोन येईल, उचला. "बाबू, गाडी नावावर करून घे ना," ते म्हणतील. तुम्ही म्हणा, "करतो ना गुरुजी, एवढी तूर निघू द्या." तुरीनंतर हरभरा आहे, आणि हरभऱ्याला यंदा भाव नाही.