साहेब, ताप येतो म्हणून सांगू नका

रामराम साहेब.

तालुका आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालात, शाल-श्रीफळ झालं, खुर्चीवर नवा टॉवेलही टाकून झाला. आता दार लोटून घ्या, चार गोष्टी कानावर घालतो. मी याच खात्यात आरोग्य सहायक म्हणून केस पांढरे करून निवृत्त झालो, तेव्हा हे प्रशिक्षणात मिळायचं नाही. (तुम्ही साहेब नसलात, नुसते वाचक असलात तरी वाचून ठेवा. आमच्या मराठवाड्यात इतकी पदं रिकामी असतात की कोणावर कधी कशाचा प्रभार येऊन पडेल, सांगता येत नाही.)

पहिलं म्हणजे लेकरं मोजत बसू नका, टक्के मोजा. जिल्ह्यावरून 'अपेक्षित बालके' म्हणून एक आकडा येतो. तो लोकसंख्येच्या अंदाजावरून काढलेला असतो, पाळणे मोजून कोणी काढत नाही. त्यामुळे गावात लेकरंच कमी जन्मली आणि जन्मली तेवढ्या सगळ्यांना लस दिली, तरी तुम्ही नापास. आणि शेजारच्या तालुक्यातल्या चार बाळंतिणी माहेरी तुमच्याकडे आल्या, की तुमचे १०४ टक्के. शंभरातल्या एकशे चार लेकरांना लस कशी दिली, असं एकाही आढावा बैठकीत कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. ८० टक्केवाल्याला मात्र उभं करतात.

आता हे टक्के जमवायचे कसे, ते सांगतो. दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातली गावंच्या गावं कोयता घेऊन कारखान्यांना निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते. ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीत पत्रे, चूल, पाण्याचा बॅरल, एक शेळी आणि पटकुरात गुंडाळलेलं चार महिन्यांचं लेकरू. मागे उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं. बुधवारी सिस्टर लसीची पेटी खांद्याला अडकवून गल्लीत फिरते तेव्हा ओट्यावरची आजी म्हणते, "लेकरं कुठली बाई आता, पाडव्याला ये." यादीत तीसेक नावं, लिंबाखाली आलेली पाच. संध्याकाळी वरून फोन येतो, "बाकीचे?"

या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एक, लेकरू कोणत्या कारखान्याच्या तळावर उतरलंय ते मुकादमाकडून काढायचं, तिकडच्या सिस्टरला कळवायचं, आणि इकडे नावापुढे 'स्थलांतरित' लिहायचं. दुसरं उत्तर खिशाला लावलेलं असतं. पेन काढा.

पुढे काय होतं, तर बापाच्या मोबाइलवर डोस झाल्याचा मेसेज जातो. बाप तेव्हा कोल्हापूरकडे फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असतो. रात्री कोपीत तो मेसेज वाचून घेतो आणि म्हणतो, "आपल्या लेकराला फोनवरच सुई टोचली बघा." टोळी हसते. हसू द्या. कोविडच्या वेळी न घेतलेल्या डोसाची प्रमाणपत्रं आली, मेलेल्या माणसांच्या नावानंही आली, लोकांना सवय आहे. आणि यातली खरी सोय तुमच्या ध्यानात आली का? उद्या त्या लेकराला गोवर निघाला, तर कागदोपत्री तो लस घेतलेल्या लेकराला निघालेला असतो. गावात बोलणं होतं, "सुई देऊनबी निघालाच की." आळ लसीवर जातो. तुमच्या पेनाकडे कोणी बघतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट मी मथळ्यातच घातली आहे. शासनाचं शहाणपण असं, की लस दिल्यावर सिस्टरने आईला चार गोष्टी सांगाव्यात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढं कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचं. शिवाय अर्धा तास थांबवून घ्यायचं. यातली दुसरी गोष्ट तेवढी गिळून टाकत जा. दीड महिन्याच्या लेकराला पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची सुई दिली की त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे बरीच लेकरं तापतात, मांडी सुजते, रात्रभर किरकिर चालते. एक-दोन दिवसांत उतरतं. जन्मल्यावर दंडावर दिलेल्या बीसीजीच्या, म्हणजे क्षयाच्या लसीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, खपली धरतो, डाग राहतो. लस लागू झाल्याचीच ती खूण. हे सगळं सांगायला दोन मिनिटं लागतात, पण सांगितलं तर बाई घाबरेल, असं आपल्या खात्यात मानतात. म्हणून "काही होत नाही" म्हणायचं.

मग रात्री अकराला त्या घरात काय चालतं ते एकदा बघा. लेकरू तव्यासारखं तापलेलं, मांडीला हात लावू देत नाही. नवरा म्हणतो, तूच नेलं होतंस. सासू देवळीतला अंगारा काढते आणि म्हणते, "म्या नगं म्हणलं होतं न." त्या पोरीकडे सांगायला एक वाक्य नसतं. 'सिस्टर म्हणल्या होत्या, येतो ताप' एवढं जरी असतं तरी ती घरात जिंकली असती. पुढच्या महिन्यात सिस्टर दारात येते तेव्हा दाराला आतून कडी असते, आणि आपण अहवालात 'लाभार्थी उदासीन' असं लिहितो.

ही बाई उदासीन का झाली, याच्या खोलात जाऊ नका. गेलात तर २०१९ सापडेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, ८२ हजारांहून जास्त बायकांची. त्यातल्या १३ हजार ८०० हून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. किती जणींना "काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितलं गेलं होतं, ते त्या बायका आजही सांगतात. म्हणजे एकदा एक डॉक्टर म्हणाला घाबरा, तेव्हा ती घाबरली आणि पिशवी देऊन बसली. आता आपण म्हणतो घाबरू नका, काही होत नाही. तिला दोन्ही आवाज सारखेच ऐकू येतात. तरीही तुम्ही बैठकीत 'जनजागृतीचा अभाव' असंच लिहा. जनता जागी आहे ही अडचण लिहायला रकाना नाही.

अफवांचं सांगायलाच नको. इंग्लंडात १९९८ मध्ये १२ लेकरांवरच्या एका लेखाने एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचं नातं ऑटिझमशी लावलं. ते खोटं ठरलं, पण नियतकालिकाला लेख मागे घ्यायला २०१० उजाडलं. आपल्याकडे अजून तोच माल फिरतोय. फिरू द्या, सगळं खापर व्हॉट्सअ‍ॅपवर फोडता येतं. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून निघाली तेव्हा एक बाप पोराला दप्तरासकट हाताला धरून न्यायला आला होता. विचारत होता, "पहिल्या सुया झाल्यात की, मंग ही आणिक कामून?" प्रश्न सरळ होता, उत्तरही होतं: आधीच्या डोसांतून सुटलेली लेकरं धरायची असतात, आणि ज्याला आधी मिळाली त्याला पुन्हा दिल्यानं अपाय नाही. आमच्या साहेबांनी उत्तर दिलं, "वरून आलंय." तो पोराला घेऊन गेला. हे उत्तर पाठ करून ठेवा, कुठंही चालतं.

समजावणं अगदीच जमत नसेल तर पेट्रोल पंप आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, कोविडच्या लसीचा एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल नाही, रेशन नाही, गॅस नाही असा हुकूम निघाला होता. माझ्या साडूने शेजाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवून टाकी भरली. वर मलाच विचारतो, "भावजी, चांगली चीज असती तर पेट्रोल कशाला अडवलं असतं?" चांगली चीज आहे हे मी त्याला तासभर सांगितलं. पटलं नाही. मी खात्यातला, म्हणून तर पटलं नाही.

आता नाजूक गोष्ट. लस घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादं लेकरू दगावतं. ते लसीनंच गेलं असं नसतं. लेकरं सगळ्यात जास्त दगावतात ती पहिल्या वर्षात, आणि बहुतेक डोस त्याच वर्षात, त्यामुळे बरेचदा दोन्ही नुसतं जुळून येतं. पण बरेचदा म्हणजे दर वेळी नव्हे, म्हणून तपास असतो. जिल्ह्याची समिती आहे, फॉर्म आहेत, शवविच्छेदन आहे. त्याला दिवस लागतात. तुम्ही थांबू नका. गाडीतून पाय खाली टाकायच्या आत सांगून मोकळे व्हा, "लसीचा काडीमात्र संबंध नाही." शवविच्छेदनाच्या आधी सांगितलं म्हणजे आत्मविश्वास दिसतो. पुढे अहवाल आला, त्यात खरोखरच संबंध नसल्याचं निघालं, तरी तो त्या घरी नेऊन वाचून दाखवू नका. फाइलला लावा. मग तुमचं खोटं आणि समितीचं खरं एकाच भावात विकलं जातं.

आणि चूक आपलीच असली तर? गोवर-रुबेलाची कुपी एकदा पाणी घालून विरघळवली की ४ तासांत संपवायची, उरेल ती टाकून द्यायची. तिच्यात जंतू मारणारं काही घातलेलं नसतं. दुपार टळून गेल्यावर तीच कुपी वापरली आणि आत जंतू वाढलेले असले, तर धडधाकट लेकरू तासांमध्ये हातचं जातं. त्यात लसीचा दोष नसतो, घड्याळाकडे न बघणाऱ्याचा असतो. तसं कबूल केलं तर लस वाचते आणि माणूस अडकतो. म्हणून आपण माणूस वाचवतो.

अमेरिकेनं १९९९ मध्ये याच्या उलटा वेडेपणा केला. लेकरांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसवरची एक लस येऊन वर्षही झालं नव्हतं, तर दहा हजारांत साधारण एका लेकराच्या आतड्यात आतडं अडकतंय असं दिसलं. त्यांनी ते लपवलं नाही, लस थांबवली, पुढे बाजारातूनच गेली. नंतरच्या दोन लसी साठ-साठ हजारांवर लेकरांवर तपासून मगच आणल्या. आज आपल्या पेटीतही रोटाचे थेंब असतात आणि आया ते पाजून घेतात. असली उदाहरणं आशाताईंच्या कानावर जाऊ देऊ नका. उगाच सवय लागते.

जाता जाता एका सिस्टरबद्दल सावध करतो. नाव नको, तुम्हाला आठवड्यात कळेलच. ही बाई प्रत्येक आईला तोंडावर सांगते, "आज रात्री लेकरू तापणार बघा. ह्या औषधाचं एवढं द्यायचं, अंगावर गोधडी घालायची नाही, पाजत राहायचं." आणि कार्डाच्या मागं स्वतःचा नंबर पेनानं लिहून देते. रात्री दोनला फोन वाजतो, ती उचलते. एकदा तिच्या हातून एका लेकराला एकच डोस दोनदा गेला. आम्ही सगळे म्हणालो, बाई, काही बिघडत नाही, गप बस. ती उठून त्या घरी गेली आणि सांगून आली. आईनं भर गल्लीत तिचा उद्धार केला. पुढच्या बुधवारी तीच आई जावेचं लेकरू कडेवर घेऊन रांगेत पहिली. एकदा कुपी उघडून ४ तास झाले म्हणून तांड्यावरून चालत आलेल्या सहा बायांना तिनं परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पेटी घेऊन तांड्यावर गेली.

तिचे टक्के मात्र कायम सत्तरीत. कारण कारखान्यावर गेलेल्या लेकरापुढं ती 'स्थलांतरित' लिहिते, आणि त्याच्यापुढं कारखान्याचं नावही. दर बैठकीत तिला उभं करतात. तिच्यामुळे बाकीच्यांचे शंभर टक्के बघायला विचित्र दिसतात, तेव्हा पहिली बदली तिचीच करा. कारणाच्या रकान्यात 'प्रशासकीय' लिहितात, खुलासा लागत नाही. फक्त आदेश घेऊन बुधवारी जाऊ नका. बुधवारी त्या लिंबाखाली बायांची गर्दी असते, आणि त्या तुमची गाडी ओळखतात.