व्होल्टेज पडलं की गिझरचा करंट वाढतो? नाही, घटतो

‘व्होल्टेज कमी आलं की प्रत्येक उपकरण जास्त करंट ओढतं. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, त्यामुळे एक घटलं की दुसरं वाढणारच. म्हणून गिझर-इस्त्रीचं बिल फुगतं. स्टॅबिलायझर लावा.’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं सूत्र बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. लोक त्यापायी पैसे घालवतात आणि खरा धोका मात्र नजरेआड राहतो, म्हणून हे लिहितोय.

‘एक घटलं की दुसरं वाढणारच.’ हे पॉवर कायम राहिली तरच खरं. गिझरमध्ये कायम असतो तो कॉइलचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स. गिझरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं असतं. २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.५ ओहम. आता व्होल्टेज १८० वर आलं. कॉइल तीच, रोध तोच, म्हणून करंट १८० भागिले २६.५, म्हणजे ६.८ अँपिअर. पॉवर उरली सव्वाबाराशे वॅटच्या आसपास. व्होल्टेज २२ टक्क्यांनी पडलं, पॉवर ३९ टक्क्यांनी. कारण व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकदमच खाली आले. खात्री करायची तर वायरमनकडून टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, लावून घ्या. तो एकट्या फेजच्या वायरभोवतीच अडकवायचा. फेज-न्यूट्रल एकत्र धरले तर शून्य दिसेल.

‘बिल फुगतं.’ मीटर अँपिअर नाही, युनिट मोजतो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून किंचित जास्त वीज लागते. २००० वॅटवर त्याला साधारण १६ मिनिटं लागतात, सव्वाबाराशेवर २६. टाकीतून निसटणारी थोडी उष्णता सोडली तर युनिट तेवढेच.

‘स्टॅबिलायझर लावा.’ १८० व्होल्टचे २३० करून गिझरला पूर्ण २००० वॅट द्यायचे, तर स्टॅबिलायझर लाइनमधून ११ अँपिअरहून जास्त ओढणार. मेसेज ज्या वाढीव करंटची भीती घालतो, तो गिझरच्या बाबतीत स्टॅबिलायझरमुळेच येतो! पाणी लवकर तापेल एवढंच, पैसे वाचणार नाहीत.

करंट खरंच वाढतो अशीही उपकरणं आहेत. मोबाइलचा चार्जर किंवा टीव्ही आपली पॉवर जवळपास कायम राखतो, म्हणून कमी व्होल्टेजवर जास्त करंट घेतो. युनिट त्याने फारसे वाढत नाहीत.

काळजी करायची ती विहिरीवरच्या मोटारीची. तिला पाणी जवळपास तेवढंच उचलायचं असतं. व्होल्टेज पडलं की तिचा वेग किंचित उतरतो आणि तोच भार ओढायला ती जास्त करंट घेते. ५ एचपीच्या थ्री-फेज मोटारीचे ७.५ अँपिअरचे ९ झाले, तर वाढ २० टक्केच वाटते. पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४४ टक्क्यांनी. मोटारी जळतात त्या अशा, आणि रिवाइंडिंगचा खर्च ऐन पाण्याच्या पाळीत अंगावर येतो. मोटारीला गिझरचा हिशेब मात्र लावू नका. फिरताना ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे व्होल्टेज भागिले करंट केलं तर वाइंडिंगचा रोध मिळत नाही.

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा भाग, सारखा पडतो म्हणून बरेच जण त्याचा काटा वर सरकवतात. तो मोटारीच्या पट्टीवरच्या अँपिअरवरच ठेवा, आणि तरीही पडत असेल तर मोटार चालू असताना तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजून घ्या.