‘सिरीयल बघून आलेली गर्दी’ म्हणणाऱ्या वाचकास

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, एकेक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाकडे नवे खेळाडू का वळताहेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. आधी चूक कबूल करतो: ‘स्ट्रेंजर थिंग्ज’, म्हणजे जिच्यातली मुलं हा खेळ खेळतात ती सिरीयल, २०१५ला नाही, २०१६ला आली. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचं ते वाक्य: ‘सिरीयल बघून आलेल्या या गर्दीला नियम वाचायचा कंटाळा, आणि तुम्ही त्यांचे वकील.’ हा मुद्दा नाही, टोमणा आहे. ठीक. घेतलं वकीलपत्र.

अहो, नियम वाचायचा कंटाळा नसलेला माणूस कसा असतो ते मला ठाऊक आहे. १९९८ साली हॉस्टेलवर तो मीच होतो. खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमपुस्तकाची झेरॉक्स, त्यातली निम्मी पानं काळी. वीस बाजूंचा फासा मिळेना, म्हणून १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात हलवायचो. आणि तो ‘थॅको’, म्हणजे वार लागायला फाशावर किती पडायला हवं ते काढण्यासाठीचा आपल्या पात्राचा आकडा! समोरच्याचं चिलखत जितकं भारी तितका त्या चिलखताचा आकडा लहान, पार उण्यात जाणारा. तो थॅकोतून वजा करायचा, मग किती पडायला हवं ते कळणार. थॅको १८ आणि समोरच्याचं चिलखत उणे २, म्हणजे २०च हवेत. सुरुवातीला सहा जण होतो, दिवाळीनंतर तिघे उरलो. गळालेले आळशी नव्हते हो. त्यातला एक पुढे सीए झाला.

ही उलटी वजाबाकी २००० साली गेली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीनं आणखी बरंच ओझं उतरवलं. फासा टाका, त्यात आपल्या पात्राचा आकडा मिळवा, बेरीज समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की वार लागला. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा धरा. आठवीतल्या माझ्या भाचीला हे पोहे संपायच्या आत समजलं. सिरीयलनं तिला दारापर्यंत आणलं असेल, नाही म्हणत नाही. आत बसवलं ते नियमांनी. थॅको असता तर ती पोहे खाऊन उठली असती.

तुमच्या बाकीच्या तक्रारी, म्हणजे पुस्तकं महाग, सगळे हाच एक खेळ खेळतात, बाकीचे खेळ मागे पडतात वगैरे: प्राथमिक नियम फुकट वाचायला मिळतात, उरलेल्यावर पुन्हा केव्हातरी.

राहता राहिलं तुमचं ‘आधी अभ्यास करा, मग लिहा’. तो चिठ्ठ्यांचा डबा अजून माझ्या कपाटात आहे. १७ची चिठ्ठी तेवढी हरवलीय. अभ्यास कमी पडला असेल तर तेवढाच.