शेळी विकणे आहे

जाहिरात जेमतेम पाच ओळींची होती. पाँटिॲक जीटीओ, मॉडेल 1966, इंजिन 389, चार गियर, रंग गडद निळा. संपूर्ण जीर्णोद्धार केलेली. गंज अजिबात नाही. काही करायला नको, बसा आणि चालवा. किंमत 68,000 डॉलर. आणि शेवटी ती ओळ, जी इथला जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण बहुधा आईच्या पोटातूनच शिकून येतो: ‘उगीच भाव पाडायला येऊ नये. माझ्याकडे काय आहे ते मला ठाऊक आहे.’

‘जीर्णोद्धार’ या शब्दाने खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. आमच्या गावच्या भैरोबाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा आधी काळ्या दगडाला गुलाबी ऑइलपेंट फासला, मग गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स बसवल्या, आणि वर देणगीदारांच्या नावांची फरशी लावली. देव तेवढा मूळचा राहिला. पण माणसाला पन्नाशीत एखाद्या गोष्टीची ओढ लागली की भैरोबा आठवत नाही.

दोष ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारचा. डेट्रॉइटमधून निघून पाँटिॲक गावापर्यंत जाणारा वुडवर्ड अव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता आहे. साठच्या दशकात पोरं रात्री त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लावायची. आता 1995 पासून दर वर्षी त्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची वारी निघते. आम्ही जवळच ट्रॉयमध्ये राहतो. आबा सहा महिन्यांसाठी आलेले, घरात बसून कंटाळलेले, म्हणून त्यांना घेऊन गेलो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस. घडीच्या खुर्चीवर बसून, भाजलेले दाणे खात त्यांनी दिवसभर गाड्या पाहिल्या नाहीत, ऐकल्या. ‘हिचा टॅपेट वाजतोय.’ ‘ह्याचं टायमिंग पुढं गेलंय.’ ‘ही पोरगी चांगल्या घरची हाय.’

मसल कार म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, घरगुती मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं. आबा म्हणाले, ‘म्हंजी मॅटाडोरमधी लेलँडचं इंजिन.’ याहून नेमकी व्याख्या मी इंग्रजीत वाचलेली नाही.

आणि हे इंजिन बसलं कसं, तर साहेबाची फाइल चुकवून. मध्यम गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. त्यांच्याच पाँटिॲक या गाड्यांच्या विभागाचा तेव्हाचा मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि त्याच्या माणसांनी 1964 च्या मॉडेलला 389 चं, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचं इंजिन दिलं. पण नवी गाडी म्हणून नाही, तर टेम्पेस्ट ल मान्स नावाच्या सभ्य गाडीवर जादा पैसे भरून घ्यायची सोय म्हणून. नियम गाडीला होता, सोयीला नव्हता. सरकारी कचेरीत ज्याने एक दिवस काढलाय त्याला यातलं सौंदर्य वेगळं समजावून सांगायला नको. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या. जीटीओ हे नाव बिनदिक्कत फेरारीचं उचललं, आणि लोकांनी त्या तीन अक्षरांचा ‘गोट’ करून टाकला.

‘गोट म्हंजी शेळी न्हवं का?’ आबांनी विचारलं.

‘हो.’

‘आन् कितीला म्हणालास?’

मी रुपयांत सांगितलं. अठ्ठावन लाखांच्या आसपास. आबा बराच वेळ दाणे सोलत राहिले. मग म्हणाले, ‘दूध किती देती?’

बायकोचं म्हणणं थोडक्यात होतं. मी पोटासाठी ब्रेकचं काम करतो. ओल्या रस्त्यावर चाक घसरू नये म्हणून सेकंदात कितीदा ब्रेक सोडायचा आणि धरायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमचा गट लिहितो. ‘आणि तू साठ वर्षांपूर्वीचे ब्रेक विकत घेणार,’ ती म्हणाली, ‘तेही आपल्या पैशाने.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी ‘नुसतं बघून येतो’ म्हणालो. नवऱ्याने म्हटलेलं हे वाक्य आणि सोनाराच्या दुकानात शिरताना बायकोने म्हटलेलं हेच वाक्य, दोन्हींची किंमत सारखीच.

निघताना आबांनी विचारलं, ‘घरात चुंबक हाय का?’ घरात एकच बऱ्यापैकी जोरदार चुंबक होता: फ्रिजवरचा सिद्धिविनायक. सासूबाईंनी दादरहून आणलेला, चिनी मातीचा, त्याच्याखाली गेली सहा वर्षं दुधाचा हिशोब आणि मुलीचं शाळेचं वेळापत्रक. आबांनी बाप्पाच्या पाठीला जुन्या बनियनचा तुकडा लावला, रंगाला चरा पडू नये म्हणून, आणि खिशात टाकला. ‘परत आणा,’ बायको म्हणाली. गाडीबद्दल नाही, बाप्पाबद्दल.

मालक रॉयल ओकमध्ये राहत होते. वय बहात्तर. आबा चौऱ्याहत्तरचे, पण पूर्ण वेळ त्यांचा उल्लेख ‘म्हातारा’ असाच करत होते. गॅरेज आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं (हे घरी सांगितलेलं नाही). आणि मधोमध ती. वर-खाली रचलेले दुहेरी दिवे, खांद्यावर जरा चढलेला मागचा पत्रा, रंग असा की त्यात मला माझं टक्कलही बरं दिसलं.

मालकांनी आधी कागद दाखवले. मला एकदम गावाकडची जमीन बघायला आल्यासारखं वाटलं. सात-बारा, फेरफार, चतुःसीमा. कारण या धंद्यात तोतये फार. 1964 आणि 1965 ची जीटीओ म्हणजे मुळात टेम्पेस्टच. चेसिस नंबरवरून फरक कळत नाही, त्यामुळे साध्या गाडीला तीन अक्षरं चिकटवून कुणीही राजपुत्र उभा करतो. 1966 पासून मात्र ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि नंबर 242 ने सुरू व्हायला लागला. हिचा 242 नेच सुरू होत होता. त्या वर्षी 96,946 विकल्या गेल्या, जीटीओचं सगळ्यात मोठं वर्ष. म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. उरल्या थोड्या, एवढंच.

‘335 घोडे,’ मालक म्हणाले. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, ग्रॉस. त्या काळी ताकद मोजायची तर इंजिन टेबलावर मोकळं ठेवून, गाडीतला सायलेन्सर वगैरे भार न लावता मोजायचे. 1972 पासून गाडीत बसवल्यावर असतं तसं, सगळ्या लवाजम्यासकट मोजायला लागले आणि आकडे धाडकन खाली आले. पगारपत्रकावरचा पगार आणि हातात येणारा पगार. पण मुलगी बघायला गेल्यावर हे कुणी बोलून दाखवतं का?

मग त्यांनी चालू केली.

इथे मला जरा थांबू द्या. गॅरेज भरून पेट्रोलचा वास आला, आजच्या गाड्यांना न येणारा, कच्चा, लहानपणीच्या स्कूटरसारखा. आणि आवाज. तो कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतो. फळीवरच्या डब्यातले स्क्रू नाचायला लागले. आबांनी काही न बोलता हात पुढे केला. मालकांनी, तेही काही न बोलता, टेबलावरचा लांब स्क्रूड्रायव्हर त्या हातात ठेवला. आबांनी त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. एक एक जागा ऐकत डावीकडून उजवीकडे गेले. मग स्क्रूड्रायव्हर मालकांच्या हाती दिला आणि एका जागेकडे बोट दाखवलं. मालकांनी तिथे ऐकलं. दोघांनी एकदमच तोंड वाकडं केलं. मालकांनी कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव आटा फिरवला. आबांनी पुन्हा ऐकलं. ‘आता बरं हाय,’ ते मराठीत म्हणाले. ‘येस,’ मालक म्हणाले. मी दुभाषा म्हणून आलो होतो. कोपऱ्यात उभा राहिलो.

चालवून बघायची पाळी माझी. पट्टा फक्त कमरेला, एसटीतल्या कंडक्टरच्या पट्ट्याएवढा. क्लच दाबायला आधी मनाची तयारी लागते. पण वुडवर्डवर येऊन दुसऱ्या गियरमध्ये पाय जरा जड केला आणि पाठ सीटमध्ये रुतली. मी पन्नास वर्षांचा, दोन कर्जं असलेला, सकाळी बद्धकोष्ठाचं चूर्ण घेणारा माणूस खदाखदा हसलो. मागच्या सीटवर मालकही हसले. त्यांना हे हसू ओळखीचं होतं. ते त्यांनी किमतीत धरलेलंच होतं.

‘तेरा मैल रस्ता’ नावाच्या आडव्या रस्त्याचा सिग्नल लाल झाला.

आता धंद्याची गोष्ट सांगतो. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि ब्रेकच्या तेलाची वाट एकच. एक नळी कुठे गळली की चारही चाकं स्वतंत्र आणि सार्वभौम. दोन वाटा आल्या 1967 च्या मॉडेलपासून, पुढच्या चाकांना डिस्क घ्यायची सोयही तेव्हाच. माझा जीव एका वर्षाने हुकला होता. हे सगळं मला परीक्षेला असल्यासारखं पाठ आहे, आणि ते सगळं मला त्या सिग्नलच्या अलीकडे साठ मीटरवर आठवलं. मी ब्रेक दाबला. काही झालं नाही. म्हणजे झालं, पण विचारविनिमय करून. आधी पेडल खाली गेलं, मग गाडीने विषय समजून घेतला, मग नाक डावीकडे वळवून शेजारच्या रांगेतल्या बाईंकडे चौकशी करायला निघाली. शेजारी आबा दोन्ही पायांनी पत्र्यावर ब्रेक मारत होते. त्यांच्या बाजूला पेडल नव्हतं. असतं तर तेच आधी लागलं असतं.

थांबली. रेषेच्या चार फूट पुढे, पण थांबली.

‘लायनर तेलकट झालाय एका बाजूचा,’ आबा म्हणाले. ‘पाच वाजायच्या आत करून देतो.’ मला घाम फुटला होता आणि हा माणूस वीस वर्षांनी ड्यूटीवर आल्यासारखा दिसत होता.

आणि तरीही, लाज वाटते सांगायला, गॅरेजमध्ये परत येईपर्यंत माझं मन ठरलं होतं. ब्रेक काय, बदलता येतात. मी चेकबुकाच्या खिशाकडे हात नेला तेव्हा आबांनी बाप्पाला बाहेर काढलं.

मालकांना वाटलं काही तरी पूजा आहे. ते आदराने मागे सरले आणि त्यांनी टोपी काढली. आबांनी बाप्पा आधी बोनेटवर ठेवले. खट्, चिकटले. दारावर, चिकटले. डिकीवर, चिकटले. मालक प्रत्येक वेळी मान लववत होते. मग आबा मागच्या चाकाच्या मागे उकिडवे बसले, जिथे चिखल आणि पाणी साचतं, आणि बाप्पा त्या चकचकीत निळ्यावर टेकवले.

बाप्पा घसरले. सावकाश, मांडी न मोडता, विसर्जनाला निघाल्यासारखे, खाली खाली. आबांनी तळहातावर झेलले. वर ठेवले. पुन्हा घसरले.

‘ह्यो पत्रा न्हाई,’ आबा म्हणाले. ‘लांबी हाय. बोटभर भरलीया.’ लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी.

डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठच मीठ असतं. म्हणजे ज्या गावाने या गाड्या जन्माला घातल्या त्याच गावाच्या पोटात त्यांना खाणारं मीठ. चाकाच्या मागचा कोपरा आधी जातो. मग कुणी तरी पत्रा बदलायचा सोडून लांबी भरतं, घासतं, वर सुंदर रंग मारतं, आणि फाइलमध्ये त्याला जीर्णोद्धार म्हणतं. भैरोबा आठवले, पण उशिराच.

मी मालकांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते बाप्पांकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, मघाशी आबांनी केला होता तसाच. आबांनी बाप्पा त्यांच्या हातात ठेवले. ते गुडघ्यावर बसले, त्यालाच बराच वेळ लागला, आणि त्यांनी स्वतः लावून पाहिलं. इकडे. तिकडे. पलीकडच्या बाजूला जाऊन. तिकडेही घसरले. गाडी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी घेतली होती, अशीच, ‘संपूर्ण जीर्णोद्धार केलेली’. ती जाडजूड फाइल मागच्या मालकाची होती. अकरा वर्षं दर रविवारी त्यांनी ती लांबी पॉलिश केली होती.

‘माझ्याकडे काय आहे ते मला ठाऊक आहे’ ही ओळ त्या वेळी कुणीच काढली नाही.

त्यांनी स्वतःहून आठ हजार कमी केले. आबा माझ्या कानाशी म्हणाले, ‘आनखी पाच उतरतील.’ पण माझ्या डोळ्यांपुढे तेरा मैल रस्त्यावरच्या त्या बाईंचा चेहरा आला, आणि मी बघतो, कळवतो, घरी विचारतो, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. मालकांनी मान हलवली. नकार कुठल्याही भाषेत याच तीन शब्दांत येतो हे त्यांनाही ठाऊक असावं.

निघताना आबांना फोटो हवा होता. मालकांनी त्यांना चालकाच्या सीटवर बसवलं, स्वतःची टोपी घातली, हात स्टिअरिंगवर नीट ठेवायला लावला. मी दोन-तीन काढले. एक फार चांगला आला. घरी पोचेपर्यंत आबांनी तो एसटीतल्या निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला होता, खाली दोनच शब्द लिहून: ‘मुलाची गाडी.’

‘आबा, आपण घेतली नाही.’

‘म्या कुठं म्हणलं घेतली?’

रात्री साडेआठला फोन सुरू झाले. साताऱ्यात सकाळ झाली होती. अभिनंदन. पेढे. एकाने नारळ वाढवला का विचारलं, दुसऱ्याने लिंबू-मिरची टांगायला सांगितली. बायको बाप्पाला फ्रिजवर लावत ऐकत होती. बनियनचा तुकडा अजून पाठीला होता. शेवटी कोरेगावच्या काकांचा फोन आला. ते डेपोत डिझेलचा हिशोब ठेवायचे. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही, एकच विचारलं. फोन स्पीकरवर होता.

‘ॲव्हरेज काय देती रं?’

मी मनात हिशोब केला. लिटरला साडेतीन, फार तर चार. तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी फोन स्वतःकडे ओढला.

‘ॲव्हरेज इचारू नगंस,’ ते म्हणाले. ‘शेळी हाय ती. चरती.’