हमीपत्रावर सही झाली, पुढे?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात बालविवाहबंदीच्या कायद्यावरचा एक मजकूर फिरत आला. तुमच्याकडेही एव्हाना आला असेल. थोडक्यात असा: "शारदा कायदा 1929चा. शंभर वर्षं होत आली, काही फरक पडला का? कायदे कागदावरच राहतात. आधी लोकांची मानसिकता बदला. आणि कायदाच दाखवायचा तर दोन-चारशे बापांना आत टाका, मग बघा." खाली जोडलेले हात, त्याखाली अंगठ्यांची रांग. मराठवाड्यातल्या एका हायस्कुलात मी सव्वीस वर्षं मास्तरकी केली. माझा अंगठा काही उठला नाही.

"शंभर वर्षांत काही फरक नाही." हे सरळसरळ खोटं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वर्षांच्या बायकांना लग्न कधी झालं ते विचारतात. 2005-06मध्ये अठराच्या आत उजवलेल्या 47 टक्के निघाल्या, 2019-21मध्ये 23 टक्के. महाराष्ट्रात 22च्या आसपास. याचं सगळं श्रेय कायद्याला द्यायला मी भाबडा नाही. गावात आठवीच्या पुढची शाळा आली, मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला, त्याचंही ते फळ आहे. पण "काही फरक नाही" म्हणणाऱ्याने आकडे उघडून पाहिलेले नाहीत, एवढं नक्की.

शिवाय 1929च्या त्या कायद्याला दात होते कुठे? (नाव नाटकातल्या शारदेचं नाही बरं का, अजमेरच्या हरबिलास सारडांचं.) मुलीची वयोमर्यादा चौदा. पोलिसांना आपणहून काही करता येत नसे, कुणीतरी कोर्टात तक्रार करायची. आणि त्या तक्रारदाराकडूनच कोर्ट शंभर रुपयांपर्यंतचा जामीनकतबा मागू शकत असे. त्या काळचे शंभर रुपये! कायदा मंजूर झाला सप्टेंबर 1929मध्ये, लागू झाला 1 एप्रिल 1930ला. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी लहान पोरींची लग्नं धडाधड उरकून घेतली. ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि मॅजिस्ट्रेटची मनाई मोडून लावलेलं लग्न शून्य ठरतं, तो कायदा 2006चा, लागू नोव्हेंबर 2007पासून. शंभर वर्षांचा हिशेब त्याच्या माथी कसा मारता?

"कायदे कागदावरच राहतात." हा मुद्दा मात्र मला बोचतो, कारण तो अर्धा खरा आहे. त्याच सर्वेक्षणात बीड आणि परभणीचे आकडे चाळीस टक्क्यांच्या वर आहेत. राज्य एक, कायदा एक, मग हे दोन जिल्हे निराळे का? कागदावर राहतो म्हणजे नेमका कुठे अडतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

नववीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आली नाही. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर कुणीतरी फोन केला. कुणी, ते आजही सांगणार नाही. ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि एक पोलीस असे तिघे गेले. दारात मांडव, पोरीच्या हाताला हळद. आधार कार्ड पुढे आलं, त्यावर वय एकोणीस. मी शाळेचं जनरल रजिस्टर काखोटीला मारून गेलो होतो. त्यातल्या जन्मतारखेने वय भरलं पंधरा वर्षं, चार महिने. मग आवाज खाली आले. वडिलांनी हमीपत्र लिहून दिलं: मुलीला अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. मांडव उतरला, फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरात 'बालविवाह रोखला' असा मथळा आला. तीन आठवड्यांनी मावशीच्या गावी साखरपुड्यातच लग्न उरकलं. जानेवारीत पोरगी नवऱ्याबरोबर उसाच्या फडात होती.

हमीपत्र मोडलं तरी ते लग्न आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करून घ्यायला मुलीलाच, ती अज्ञान असेल तर तिच्या पालकामार्फत, कोर्टात जावं लागतं, तेही सज्ञान होऊन दोन वर्षं भरायच्या आत. पण 2006च्याच कायद्याचं कलम 13 वापरून मॅजिस्ट्रेटचा मनाई हुकूम घेतला असता, तर तो मोडून लावलेलं लग्न मुळातच शून्य. अक्षता कितीही पडोत, ते लग्न नव्हेच. शिवाय हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. हा हुकूम कुणालाही मागता येतो, मॅजिस्ट्रेट स्वतःहूनही देऊ शकतो. त्या दिवशी मांडवात उभ्या असलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. मलाही नाही. मी रजिस्टर दाखवून घरी आलो आणि रात्री समाधानाने झोपलो.

आता ग्रामसेवकाचं बघा. (पदाचं नाव हल्ली ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच.) आपल्याकडे खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. घरकुलाच्या याद्या, पाणीपट्टीची वसुली, ग्रामसभा, जन्ममृत्यूची नोंद, बऱ्याचदा दोन-दोन गावांचा कारभार, आणि त्यात हे. ज्या सरपंचाबरोबर रोज बसायचं, त्याच्याच चुलत्याच्या मांडवात जाऊन लग्न मोडायचं. हुकूम आणायचा तर कागद करून तालुक्याच्या कोर्टात खेटे घालायचे. हमीपत्र दहा मिनिटांत होतं. तुम्ही त्याच्या जागी काय केलं असतं? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024च्या निकालात हेच दुखणं धरलं: जिल्हा पातळीवर फक्त याच कामाचा अधिकारी नेमा, त्याच्या गळ्यात दुसरी कामं घालू नका. लहानपणीच्या साखरपुड्यांनाही बंदी घालण्याचा विचार संसदेने करावा, असंही त्यात म्हटलंय. आमच्याकडची 'साखरपुड्यातच उरकलं'ची तऱ्हा बघता, योग्यच.

"आधी मानसिकता बदला." ही ओळ तर आपल्याकडे 1891 सालची आहे. मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय, दहावरून बारा करण्याचं विधेयक आलं, तेव्हा टिळकांचं म्हणणं होतं की सुधारणा समाजातून यावी, परक्या सरकारच्या कायद्यातून नको. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांच्या बाजूने निदान सरकार परकं असल्याचा मुद्दा तरी होता. आज तो कुणाकडे आहे?

आणि मानसिकता म्हणजे नेमकं काय? त्या मुलीच्या बापाने मला मांडवातच विचारलं होतं, "सर, आम्ही दोघं सहा महिने कारखान्यावर. पोरगी कुणापाशी ठेवू?" ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. पोरगी उजवली की तिची काळजी मिटते आणि जावयाचा कोयता पुरा होतो. बापाला कायदा ठाऊक होता, पंधरा हे वय नव्हे हेही ठाऊक होतं. त्याला व्याख्यान नको होतं, ऑक्टोबर ते एप्रिल पोरीला ठेवायला भरवशाचं वसतिगृह हवं होतं. हंगामी वसतिगृहाची योजना सरकारदरबारी आहे. आमच्या गावात ते त्या वर्षी हंगाम निम्मा सरल्यावर सुरू झालं.

"दोन-चारशे आत टाका." कायदा कुचकामी आहे हे आधीच्याच ओळीत सांगून पुन्हा त्याच्याच दांडक्याची हौस! असो. आसामने फेब्रुवारी 2023मध्ये हे करून पाहिलं. दोन-चारशे नाही, तीन हजारांवर माणसं काही दिवसांत उचलली, त्यांत जुन्या लग्नांतले नवरेही होते. घरोघर बायका लेकरं घेऊन एकट्या पडल्या. गुवाहाटी उच्च न्यायालयाने जामीन देताना, या मोहिमेने लोकांच्या खासगी आयुष्यात हाहाकार माजवल्याचं सुनावलं. आपल्याकडेही नुसता धाक कुठे जातो ते दिसतं. अठराच्या आतली गरोदर मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून घरचे तिला दवाखान्यातच आणत नाहीत, किंवा वय वाढवून सांगतात. शिक्षा हवीच, लग्न लावणाऱ्याला, जुळवणाऱ्याला, खोटा दाखला करून देणाऱ्याला. पण ती लग्नानंतरची गोष्ट. कलम 13 लग्नाआधीचं आहे आणि ते धूळ खात पडलंय.

मजकूर पाठवणारे आमचे दाजी. तालुक्याला त्यांचं मंगल कार्यालय आहे, तुळशीच्या लग्नानंतर एक तारीख मोकळी नसते. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं: "दाजी, बुकिंग घेताना नवरा-नवरीचे जन्मदाखले बघता का? कायद्यात बालविवाहाला साथ देणाराही दोषी धरलाय." दोन निळ्या खुणा परवाच दिसल्या. उत्तर अजून यायचंय.